आता हसा

हृषीकेश हे लिहून ठेवणारच नव्हता. लिहिण्यासारखं त्यात आहे तरी काय, असं त्याला वाटत होतं. कुणी मेलं नाही, कुणी कुणाला सोडून गेलं नाही. एका सकाळी अर्धं तोंड हलेनासं झालं, एवढंच. सोलापुरात दर हिवाळ्यात अशी दोन-चार तोंडं वाकडी होतात आणि होळीपर्यंत सरळही होतात. दोनदा त्यानं मोबाइलवर चार ओळी टाइप केल्या आणि पुसून टाकल्या. तिसऱ्यांदा पुसायला अंगठा गेला आणि तिथंच थांबला. कारण मधे ते वाक्य येत होतं. एक साधं वाक्य, जे कुठून निघालं आणि कुठं जाऊन बसलं हे फक्त त्यालाच माहीत होतं. मग लिहिलं. सलग नाहीच, डोळ्यात थेंब टाकायचा, थोडं टाइप करायचं, डोळा झोंबला की फोन पालथा ठेवायचा.

डिसेंबर नुकताच लागला होता आणि त्या दिवशी पाणी यायचं होतं. त्यांच्या पेठेत, बाळीवेसेत, पाण्याचा दिवस म्हणजे घरातलं लग्न. आई पहाटेपासून पिंप, हंडे, बादल्या मांडून बसलेली. हृषीकेश दात घासून चूळ भरायला गेला आणि चूळ भरलीच जाईना. पाणी डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून आपलंआपण बाहेर आलं आणि बनियनवर सांडलं. झोप गेली नाही अजून, असं म्हणून त्यानं पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा तेच. आई म्हणाली, "अरे सांडतोस काय, चार दिवसांनी आलंय पाणी." त्यानं आरशात बघितलं. डावी बाजू दुखत नव्हती, सुजली नव्हती. कुलूप लावून गावाला गेलेल्या घरासारखी ती नुसती गप्प होती. त्यानं डोळे मिटले, तर डावा मिटेना. मिटलेल्या डोळ्यांनी आपण आपल्यालाच बघतोय, हे त्याला इतकं विचित्र वाटलं की भीती वाटायची राहूनच गेली. ती नंतर आली, चहा पिताना. चहा हनुवटीवरून ओघळला तेव्हा आईनं हंडा खाली ठेवला आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून नुसती बघत राहिली. नळ तसाच वाहत होता. पाण्याच्या दिवशी आई नळ वाहू देते, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

तरी नऊ वाजता तो माडीवरच्या खोलीत जाऊन लॅपटॉपसमोर बसला. सवय. कंपनी पुण्याची, आरोग्य विम्याची. हा इथं बसून लोकांच्या तक्रारींना मराठीत उत्तरं लिहायचा. कामाला लागायच्या आधी हजेरी, आणि हजेरी म्हणजे चेहरा. पडद्यावर एक गोल यायचा आणि एक बाई मंजूळ आवाजात सांगायची, कॅमेऱ्याकडे बघा, डोळे मिटा, आता हसा. समोर जिता माणूस आहे की फोटो धरलाय, हे त्या यंत्राला कळायला हवं. फोटो काही हसा म्हटल्यावर हसत नाही, असा त्यामागचा विचार. तीन वर्षं तो रोज सकाळी त्या यंत्राकडे बघून हसत आला होता. इतकं नेमानं तो घरात कुणाकडे बघून हसला नव्हता. त्या दिवशी तो हसला तेव्हा उजवीकडचा गाल वर गेला आणि सगळं तोंड त्याच्यामागं ओढलं गेलं. "चेहरा जुळत नाही," बाई म्हणाली. "कृपया चांगल्या उजेडात पुन्हा प्रयत्न करा." तो खिडकीशी गेला. गच्चीत गेला. सोलापूरच्या उन्हापेक्षा चांगला उजेड आणायचा कुठून? गच्चीत उभा राहून तो फोनला हसून दाखवत होता आणि पलीकडच्या गच्चीत भाकऱ्या वाळत घालणाऱ्या रंभाबाई, हा असा एकट्यानंच दात का काढतोय म्हणून, कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. शेवटी त्यानं मदतीची खिडकी उघडली आणि लिहिलं, माझं अर्धं तोंड हलत नाहीये, हजेरी लागत नाहीये. क्षणात उत्तर आलं. "आपली अडचण आम्ही समजू शकतो. काळजी करू नका, आम्ही आहोत ना."

तो ते वाचत राहिला. ते वाक्य त्याचं होतं. म्हणजे त्यानंच लिहिलेलं. मागच्या वर्षी कंपनीनं उत्तरं देणारं यंत्र आणलं, त्याचं नाव आस्था ठेवलं, आणि तिला मराठी शिकवायचं काम हृषीकेशकडे आलं. वरून यायची ती वाक्यं इंग्रजीतून उलटी करून आणलेली असायची, वाचताना तोंडात खडा आल्यासारखी. ती काढून त्यानं आपली घातली. 'प्रकाश' खोडून 'उजेड' केलं. त्याचा त्याला अभिमानसुद्धा होता, कारण तो कुठं शिकला नव्हता हे. रद्दीतली पुस्तकं वाचून, मोबाइलवर टाइप करकरून आलेलं. आणि ते 'आम्ही आहोत ना' तर त्यानं फार दुरून आणलं होतं. बाबा गेले त्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात तो आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त शिवपुत्र बसले होते. आत सोडत नव्हते. खालच्या टेबलावरून वर पाठवायचे, वरच्या टेबलावरून खाली. बाबांचं नाव कंप्युटरवर दिसत नाही म्हणायचे, म्हणजे जो माणूस आत धापा टाकतोय तो आत नाहीच. शिवपुत्र टॉवेलच्या कारखान्यातली पाळी सोडून आलेला, अंगावर कापसाचे तंतू तसेच. तो काही समजूत घालत नव्हता. त्याला घालताही येत नाही. मधूनमधून नुसता गुडघ्यानं गुडघा ढकलायचा आणि म्हणायचा, "मी हाय की." बाकी काही नाही. बाबा सकाळी गेले. ते तीन शब्द मात्र हृषीकेशच्या अंगात राहिले, आणि पुढं कंपनीनं विचारलं की घाबरलेल्या माणसाला मराठीत काय म्हणतात, तेव्हा त्यानं ते धुऊन, इस्त्री करून, अनेकवचनात घालून दिले. आता ते यंत्र त्यालाच ते म्हणत होतं. त्यानं पुन्हा लिहिलं, हजेरीचं काय? "काळजी करू नका, आम्ही आहोत ना." माणूस मिळेल का बोलायला? "आम्ही आहोत ना." जिन्यातला गुडघा तेवढा नव्हता.

दवाखान्यात नाव नोंदवायला ॲप, ॲपला ओटीपी, ओटीपीला रेंज, आणि नोंदणीची खिडकी तळघरात, जिथं रेंज नाही. ओटीपी घ्यायला माणसं फोन डोक्यावर धरून जिना चढायची आणि आकडे पाठ करत धावत खाली यायची. अक्कलकोटकडची एक म्हातारी कन्नडमधून त्या खिडकीला शिव्या देत होती, आणि भाषा कळत नसूनही सगळी रांग मान डोलवत होती. डॉक्टर वाईट नव्हते. फक्त त्यांचे डोळे स्क्रीनवर होते. "हसा बघू," ते म्हणाले. हृषीकेशला वाटलं, आता जगात जो भेटेल तो हेच सांगणार. "कपाळाला आठ्या घाला. गाल फुगवा. शिट्टी वाजवा." त्यानं ओठांचा चंबू केला. नुसती फुस्स हवा गेली, पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी. डॉक्टरांनी स्क्रीनवर खूण केली. त्यांच्या लेखी ती एक खूण होती. म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय, डोक्यात काही नाही, लवकर आलात ते बरं केलंत, गोळ्या लगेच सुरू करा, डोळ्याला जपा, झोपताना पट्टी लावा. बहुतेकांचं बरं होतं. "कधी?" "काहींचं तीन आठवड्यांत. काहींना महिनेही लागतात." "आणि शिट्टी?" तेव्हा कुठं डॉक्टरांनी स्क्रीनवरून मान वळवली. "एवढी काय घाई आहे शिट्टीची?"

काय सांगणार होता तो? संक्रांतीला ग्रामदैवताची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजाच्या उंचच्या उंच काठ्या गावातून निघणार. दिवाळी झाली की बाळीवेसेतल्या मैदानात संध्याकाळी सराव चालतो. कमरेला पट्टा आवळून काठी उभी पेलायची आणि चालायचं. नजर शेंड्यावर. शेंडा कणभर कलला की कमरेतून सावरायचं. खाली बघितलं की संपलं. त्यामुळं पायाखाली काय आहे ते पेलणाऱ्याला दिसतच नाही. खड्डा, गतिरोधक, आडवी आलेली गाय, काहीच नाही. शाळेत असल्यापासून शिवपुत्राच्या पुढं हृषीकेश. तो तोंड शिवपुत्राकडे करून उलटा चालायचा आणि तोंडानं शिट्टी वाजवायचा. लांब शिट्टी, रस्ता मोकळा. तोडलेली शिट्टी, थांब. ही बाकीच्यांची रीत नव्हे, या दोघांनीच काढलेली खोड. यात्रेत हलगी, बँड, जयघोष, पोलिसांच्या आणि स्वयंसेवकांच्या शिट्ट्या, सगळा कल्लोळ असतो. पण त्यातूनही शिवपुत्राला हृषीकेशची शिट्टी ऐकू आली असती, गर्दीत आईला पोराचं रडणं ऐकू यावं तशी. शिवपुत्राची हयात सरावातच गेली होती. या वर्षी पहिल्यांदा खऱ्या यात्रेत काही पावलं काठी पेलायची पाळी त्याला मिळणार होती. आणि हृषीकेशच्या तोंडून फुस्स.

म्हणून त्यानं सांगितलंच नाही. करोनातला मास्क काढून लावला आणि शिवपुत्राचे फोन घेणं बंद केलं. 'कामाचा लोड आहे' म्हणून मेसेज टाकला. दिवस खोलीतच जायचा. या आजाराचं एक कुणी सांगत नाही, की डावा कान मोठा होतो. म्हणजे आवाज मोठे होतात. भांडं पडलं तर मस्तकात पडल्यासारखं, आणि लांबवरच्या यंत्रमागांची खटखट अशी यायची जणू कुणी कानातच माग टाकलाय. जीभही अर्धी झालेली. शेंगाचटणी उजवीकडं तिखट लागायची आणि डावीकडं माती. आई समोर बसून जेवण होईपर्यंत दुसरीकडं बघायची, मुद्दाम, त्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून. त्याला ते जास्त लागायचं. रंभाबाई एकदा वर आल्या, त्याची हनुवटी धरून तोंड इकडं-तिकडं फिरवलं, बाजारात वांगं बघावं तसं. "वारं लागलंय. कबुतराचं रगत चोळा म्हनावं, मंगळवेढ्याला माज्या भावाचं तोंड तसंच सरळ आलं." आई म्हणाली, "आम्ही तसलं काही करत नाही हो." "मग ऱ्हाऊ द्या वाकडं," असं म्हणून त्या निघाल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, "पर बाई, त्या फोनफुडं हसायचं बंद कर म्हनावं. बघवत न्हाय." त्या रात्री डोळ्यावर पट्टी चिकटवताना त्याला ते आठवलं. कंपनी, डॉक्टर, मंजूळ बाई, सगळ्यांनी हस म्हणून सांगितलं होतं. हसू नको म्हणणाऱ्या या पहिल्याच.

पुण्याहून उत्कर्षाचा फोन आला, ती त्याच्या टीमची प्रमुख. "हृषी, सिस्टिममध्ये तू गैरहजर दिसतोयस रे." "मी रोज बसतोय." "माहितीये मला. तुझी उत्तरं येतायत, पण तू येत नाहीयेस. मला काही बदलता येत नाही, चेहरा जुळल्याशिवाय बटणच उघडत नाही." ती वैतागली होती, पण त्याच्यावर नाही. मग म्हणाली, "व्हिडिओ लाव." त्यानं मास्कसकट लावला. "काढ ना." त्यानं काढला. तिच्यामागं कुकरची शिट्टी झाली. कुकरला जमतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. "माझ्या मामालाही झालं होतं," ती म्हणाली. "ऐक, रोज सकाळी मला व्हिडिओ लावायचा. मी बघणार आणि वर मेल टाकणार की मी स्वतः बघितलं, माणूस जागेवर आहे. मानतील न मानतील, ते आपण नंतर भांडू." त्याला तिचे आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं दुसरंच. "ते आस्थाचं एक वाक्य काढता येईल का? 'आम्ही आहोत ना' ते?" "का? अरे, ते सगळ्यात भारी चालतंय. त्या वाक्यानंतर लोक पुढं तक्रारच करत नाहीत." "कारण ते कंटाळून जातात, उत्कर्षा." तिनं मागं वळून गॅस बंद केला. मग म्हणाली, "विचारून बघते. काढणार नाहीत." काढलं नाहीच. पण तेव्हापासून त्याचं सकाळचं एक गणित बसलं. यंत्रापुढं एकदाच जायचं, एकदाच हसायचं, 'जुळत नाही' म्हणालं की बरं म्हणून उठायचं, दुसऱ्यांदा हसायचं नाही. मग उत्कर्षाला तोंड दाखवायचं. डोळ्यात थेंब. चहा चमच्यानं, उजवीकडून. यानं काही सुटलं नव्हतं. फक्त सकाळ त्या गोल खिडकीत अडकून मरत नव्हती, दहा वाजेपर्यंत ती त्याच्या हातात यायची.

अशाच एका संध्याकाळी जिना धाडधाड वाजला. त्या कानाला तो घण घातल्यासारखा वाजला, म्हणजे शिवपुत्रच. मास्क शोधायला वेळच मिळाला नाही. शिवपुत्र दारात उभा राहिला, मनगटाला कापड गुंडाळलेलं. बघत राहिला. "आरं तिच्या," म्हणाला. "निम्मा हसतुयास, निम्मा रुसलायस. लगीन तर न्हाय केलंस गुपचूप?" हृषीकेशला हसू आलं आणि त्यानं हातानं तोंड झाकलं. "झाकतुयास काय? धावीत बाईंनी वर्गात उठवलं तवा चड्डी फाटल्याली तुजी, ती मी बघितलीया. तोंडाचं काय घिऊन बसलास." मग खाली बसला आणि आवाज उतरला. "फोन का उचलंना?" "शिट्टी वाजत नाही, शिवा." हे एकदम निघालं. 'शिवा'तला 'व' ओठातून निसटून गेला. "डॉक्टर म्हणाले, महिनेही लागतील." शिवपुत्र मनगटाचं कापड चाचपत राहिला. मग सांगितलं. हृषीकेश येत नाही म्हणून गल्लीतल्या गुंडा नावाच्या पोराला पुढं चालवलं, प्लास्टिकची शिट्टी घेऊन. काठी चौकापर्यंत छान आली. तिथं कोपऱ्यावर कुणीतरी रिक्षावाल्याला थांबवायला शिट्टी फुंकली, शिवपुत्राला वाटलं गुंडाची, तो जागीच थांबला, गुंडा चालतच राहिला, मागचे अंगावर आले, त्याचं मनगट खरचटलं आणि शेंडा कलला. बाकीच्यांनी धावून धरली म्हणून, नाहीतर काठी विजेच्या तारेवर जाणार होती. "आप्पा म्हनले, पुढचा माणूस नीट नसंल तर औंदा ऱ्हाऊ दे. पुढल्या वर्षी बघू." सराव आप्पाच घेतात, आणि आप्पा एकदा म्हणाले की म्हणाले. "त्यांचं खरं हाय. काठी पडली तर एकट्याची पडत न्हाय." यात तक्रार नव्हती, आणि त्यामुळंच हृषीकेशला ते ऐकवेना. इतके दिवस तो आपल्या अर्ध्या तोंडाजवळ बसून होता, आणि तिकडं दुसरं कुणीतरी पुढचा रस्ता न बघता चालत होतं.

"दुसऱ्या कुणाला शिकव," तो म्हणाला. "मी बडबडून सांगतो त्याला, कसं चालायचं ते." शिवपुत्रानं एकदम मान वर केली. "बडबडता येतंय की तुला." "येतं. सांडतं थोडं." "सांडू दे की. शिट्टी ऱ्हाऊ दे. तू बोलत ऱ्हा. काय बी बोल. तुजा आवाज फुडनं येतोय तवर मी चालनार. गप झालास की थांबनार." "कल्लोळात ऐकू येईल?" "तुज्या बाचा आवाज तुला कल्लोळात ऐकू आला असता का न्हाय?" असं म्हणून तो स्वतःच वरमला. खाली आई भाकरी थापत होती. तो आवाजसुद्धा हृषीकेशच्या कानात एकेक थाप पडावी तसा येत होता. मग तो उठला, डाव्या कानात कापूस घातला, आणि मास्क तिथंच खुंटीला राहू दिला.

मैदानात ऊन उतरलं होतं. माणसांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, बघून झालं, आणि आपापल्या पट्ट्याकडं वळली. इतक्या लवकर त्यांचं बघून झालं याचं त्यालाच नवल वाटलं. आप्पा म्हणाले, "हा चालणार व्हय पुढं? बरं. मी बाजूला हाय. डगमगलं की काठी उतरवणार, मग माज्याशी बोलायचं न्हाय." काठी उभी राहिली. शिवपुत्राची नजर वर गेली, गळ्याची घाटी ताणली, आणि खालचं सगळं जग त्यानं सोडून दिलं. हृषीकेश उलटा चालू लागला. बोलायचं काय? तोंडात काही येईना. आणि मग जे रोज दिवसभर बोटांतून जायचं तेच आलं. "नमस्कार, आपलं स्वागत आहे," तो ओरडला. "आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे! आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत!" प आणि ब फुटत होते, थुंकी उडत होती. पोरं हसायला लागली. हलगीवाला ताल धरून ते झेलायला लागला. "कृपया चांगल्या उजेडात पुन्हा प्रयत्न करा!" शिवपुत्राचं पोट हसण्यानं हललं, पण शेंडा हलला नाही. पाऊल पडत होतं. "काय मंत्र म्हनतंय रं ते?" आप्पांनी विचारलं. "विम्याचा हाय, आप्पा," कुणीतरी म्हणालं. त्याच्या डाव्या कानात हलगी ठणकत होती, उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि पाठीमागचा रस्ता तो खांद्यावरून वळून वळून बघत होता. दगड, वळण, पाण्याचं डबकं. शिवपुत्राच्या पायांसाठी तो बघत होता. स्वतःचं तोंड कसं दिसतंय, हे त्या वेळात त्याला आठवलं नाही. वाक्यामागून वाक्य जात होतं, एवढ्या वर्षांत लिहिलेली सगळी, आणि होता होता ते वाक्य जिभेवर आलं. काळजी करू नका. पुढचं निघेना. तो गप्प झाला.

शिवपुत्र जागच्या जागी थांबला. काठी सरळ उभी. आप्पांचा हात पुढं आला आणि तसाच राहिला. "का रं?" वर बघतच शिवपुत्रानं विचारलं. "खड्डा हाय?"

"नाही."

"गाय?"

"काही नाही. रस्ता मोकळा आहे." हृषीकेशनं बाहीनं हनुवटी पुसली आणि त्याच्या जवळ गेला, इतका की काठीचा वास आला, तेलाचा आणि शिवपुत्राच्या घामाचा. आता ओरडायची गरज नव्हती. "शिवा, यात्रेला तुझ्यापुढं मीच चालणार. शिट्टी येऊ दे, नाहीतर न येऊ दे. तोंड असंच राहिलं तरी. आणि मी बोलायचा थांबणार नाही."

"आन् थकलास तर?"

"काळजी करू नको," तो म्हणाला. "मी हाय की."